एरी की मसारी? सोलापूरहून धारवाडला येऊन घर बांधताना

हुरडा | ७ जुलै २०२४

नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही सोलापूर सोडून कायमचे धारवाडला आलो. नवऱ्याची नोकरी आता इथलीच, त्यामुळे परत जायचं नाही हे ठरवूनच निघालो. सोलापूरचं घर विकलं, पैसे बँकेत आहेत आणि घरात सगळ्यांना घाई झाली आहे. भाडं किती दिवस भरायचं, दसऱ्याला पाया खणूनच टाकू, असं चाललं आहे. घरात आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई अक्कलकोटकडच्या, त्यांना कानडी येतं. मला 'हौदरी'च्या पुढे काही येत नाही.

दोन प्लॉट पाहिले आहेत, दोन्ही ३० बाय ५० चे. एक गावाच्या पश्चिमेला, केलगेरीच्या बाजूला. रस्ता अरुंद, थोडा उतार, आणि महाग. दुसरा पूर्वेला, नवलगुंदकडे जाणाऱ्या बाजूला. सपाट, रुंद रस्ता, आणि दर जवळजवळ निम्मा. एजंट पूर्वेचा घ्या म्हणून मागे लागला आहे. तिकडे माती काळी आहे, पण काळी माती आम्हा सोलापूरकरांना नवी नाही.

घराचा नकाशाही डोक्यात तयार आहे. सोलापूरला होतं तसंच: जाड भिंती, लहान खिडक्या, वर मोकळी गच्ची. पापड-कुरडया, उन्हाळ्यातली अंथरुणं, सगळं आमचं गच्चीवरच व्हायचं.

कुणी परराज्यात जाऊन घर बांधलं असेल तर कशापासून सुरुवात करावी ते सांगा. अगदी बारीकसारीकही चालेल.

गच्चीवरची_तुळस | ७ जुलै २०२४

हुरडाताई, आधी थांबा. एक पावसाळा भाड्याने काढा आणि मगच कुदळ मारा. आम्ही २०१६ मध्ये पुण्याहून इंदूरला आलो आणि चार महिन्यांत बांधकाम काढलं. माळव्यातली जमीन काळी आहे हे ऐकून माहीत होतं, पण पाया मात्र पुण्यातल्या ओळखीच्या मिस्त्रीने सांगितला तसा घातला. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. नखाएवढ्या होत्या, पुढे करंगळी जाईल एवढ्या झाल्या. पावसाळ्यात मिटतात, उन्हाळ्यात परत उघडतात. दरवर्षी लांबी (पुट्टी) भरून रंग देते आणि दरवर्षी त्याच रेषेवर भेग येते. घरात झोपले की तिच्याकडेच लक्ष जातं.

माळमड्डीकर | ८ जुलै २०२४

ताई, आमच्या गावात स्वागत. माझा जन्म इथलाच, घरात मराठी, दारात कानडी. जागा घेताना आमच्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो असा: "एरी की मसारी?" एरी म्हणजे काळी, चिकट, फुगणारी जमीन. मसारी म्हणजे तांबडी, पाणी सोडणारी. धारवाड बरोबर या दोन्हींच्या शिवेवर वसलं आहे. पश्चिमेला हल्याळकडे निघालात की तांबडी माती आणि मलनाडची, म्हणजे घाटाकडच्या मुलखाची झाडी सुरू होते. पूर्वेला हुबळी, नवलगुंदाकडे काळं रान, कापूस-ज्वारीचं. तुमच्या दोन प्लॉटांच्या दरातला फरक रस्त्याचा नाही, मातीचा आहे. एजंट ते सांगणार नाही.

आणि भाषेची काळजी करू नका. बांधकामाचे निम्मे शब्द तुमचेच आहेत. इथे गवंड्याला 'गौंडी' म्हणतात, पायाला 'पाया', बिगरशेतीला 'बिनशेतकी', जमिनीच्या कागदाला 'उतारा'. १९५६ पर्यंत आपण सगळे मुंबई राज्यातच होतो ना. आमचे कन्नड कवी द. रा. बेंद्रे सोलापूरच्या डी.ए.व्ही. महाविद्यालयात १९४४ ते १९५६ कन्नड शिकवत होते आणि मातृभाषा त्यांची मराठी. सोलापूर-धारवाड हा रस्ता जुना आहे. साधनकेरीला गेलात तर त्यांचं घर पाहून या.

ओळंबा | ८ जुलै २०२४

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पंचवीस वर्षं काळ्या मातीतच कामं केली. 'काळी माती आम्हाला नवी नाही' हे वाक्य वाचून लिहायला बसलो. सोलापूर शहरात बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की मुरूम लागतो, त्यामुळे जुन्या घरांचं निभावून गेलं. तुमच्या पूर्वेच्या प्लॉटात तो किती खोल आहे, हे खणल्याशिवाय कुणीही सांगू शकणार नाही.

म्हणून इसार देण्याआधी मालकाच्या परवानगीने चाचणी खड्डा घ्या, प्लॉटच्या दोन टोकांना एकेक. जेसीबीचं तासाभराचं काम आहे. काळा थर कुठे संपतो ते टेपने मोजा, फोटो काढा. पाच-सात फुटांवर चांगला मुरूम लागला तर पाया तिथपर्यंत नेऊन बसवायचा. बारा-पंधरा फुटांवरही काळीच असेल तर खाली बल्ब असलेले पाइल, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल लागतात. ती पद्धत याच मातीसाठी आहे. खोलवर माती वर्षभर एकसारखी ओलसर राहते आणि हलत नाही. पाइलचा बल्ब तिथे रुतून बसतो आणि घराला वर ढकलू देत नाही.

माती फुगते कशी ते घरी पाहता येतं. एक ढेकूळ वाळवा, कुटून चाळा, काचेच्या दोन ग्लासांत सारखी भरा. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. दुसऱ्या दिवशी पाण्यातली किती वर आली ते पाहा. प्रयोगशाळेतही हेच करतात, फक्त मापं नेमकी असतात.

कागदी_लिंबू | १० जुलै २०२४

मातीचं वरच्यांनी सांगितलंच, मी कागदांचं सांगतो. बेळगावात राहतो, दोन्हीकडचे कागद वाचायची सवय आहे.

हुबळी-धारवाडात शहर हद्दीतल्या जुन्या जागांना आपल्यासारखेच सी.टी.एस. (सिटी सर्व्हे) नंबर आहेत. आपली इंडेक्स-२ पाहायची सवय इथे ई.सी., म्हणजे जागेवरच्या व्यवहार-बोजांचा दाखला, पाहण्यात बदला. नोंदणी खात्याच्या 'कावेरी' संकेतस्थळावर मागता येतो. फॉर्म १५ आला म्हणजे त्या जागेवर व्यवहार किंवा बोजा नोंदलेला आहे, फॉर्म १६ म्हणजे त्या काळात काही नाही. निदान तीस वर्षांचा काढा. जुन्या वर्षांसाठी उपनिबंधकाकडे जावं लागेल.

प्लॉट ग्रामपंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११ मागा. बिनशेतकी आदेश आणि मंजूर लेआउट, दोन्हींच्या प्रती हातात हव्यात. 'पुढे होईल' म्हणून बाँडवर विकलेले गुंठे घेऊ नका. आपल्याकडच्या गुंठेवारीत जे भोगलं, तेच इथेही आहे.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात: वंशावळ. जागा वडिलोपार्जित असेल तर विकणाऱ्याच्या बहिणी कुठे आहेत ते विचारा. कर्नाटकात १९९४ च्या दुरुस्तीने लग्न न झालेल्या मुलींना आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क आहे. त्यांच्या सह्या खरेदीखतावर घ्या, नंतर धावपळ नको. आणि खरेदीखत कानडीत असेल तर ओळन् ओळ वाचून समजावून सांगणारा आपला माणूस बरोबर न्या. एजंटचा नको.

रानजाई | १० जुलै २०२४

उत्तम धागा. आम्हीही पुढच्या वर्षी लातूरहून हैदराबादला जातोय. वाचनखूण साठवली.

हुरडा | २ सप्टेंबर २०२४

सगळ्यांचे मनापासून आभार. दसऱ्याचं रद्द केलं. घरात दोन दिवस अबोला होता, पण रद्द केलं.

तुळसताई, पावसाळा काढायला सांगितलंत ते किती बरोबर होतं ते आता कळतंय. सोलापूरला पाऊस येतो, पडतो आणि जातो. इथे जुलैत सलग अकरा दिवस रिपरिप होती. ऊन नावालाही नाही. भाड्याच्या घरात मुलीचा गणवेश वाळेना म्हणून रात्री इस्त्रीने वाळवत होते. चपलांवर पांढरी बुरशी आली. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपा पाऊस थेट गादीवर. जाड भिंत आणि लहान खिडकी तिथे उन्हाच्या झळा अडवायला होती, इथे त्याच खोलीत कोंदट वास धरतो. माझा नकाशा मी फाडला. तो सोलापूरच्या उन्हासाठी काढलेला होता.

आता रोज संध्याकाळी जुनी घरं पाहत फिरते. माळमड्डी भागातल्या कौलारू घरांना पुढे खोल पडवी आहे आणि बाहेर कट्टा. पावसातही माणसं पडवीत बसून गप्पा मारत असतात. मागच्या अंगणातही छपराखाली दोऱ्या बांधलेल्या. एका आजींनी मला आत बोलावून चहा दिला आणि परसातली वाळत घातलेली लुगडी दाखवली. छपराची कड भिंतीपासून चार फूट बाहेर होती, मी पावलांनी मोजली.

माळमड्डीकर | ३ सप्टेंबर २०२४

कट्टा नक्की ठेवा, ताई. धारवाडात घराला कट्टा नसेल तर शेजारी थांबत नाहीत, नमस्कार करून पुढे जातात. सासूबाईंना कानडी येतं म्हणालात ना? मग त्यांच्यासाठी तर ठेवाच.

ओळंबा | ३ सप्टेंबर २०२४

छज्जा सगळीकडे दीड फूट काढतात. पश्चिम आणि नैर्ऋत्येला तो तीन फूट घ्या. छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन इंच आत, बोटभर खाच ठेवायला सांगा. नाहीतर पाणी खालून पळत भिंतीपर्यंत येतं. गवंडी ती खाच विसरतात. गिलावा चालू असताना तुम्हीच आठवण करा.

हुरडा | १९ जानेवारी २०२५

धागा वर काढते आहे. जागा घेतली.

पूर्वेचाच प्लॉट घेतला, पण डोळे उघडे ठेवून. दोन्ही टोकांना खड्डे घेतले. एका टोकाला सहा फुटांवर, दुसऱ्या टोकाला सात फुटांवर पिवळसर मुरूम लागला. ग्लासांचा प्रयोगही केला. पाण्यातली माती दुसऱ्या दिवशी रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीहून वर आली. मुलीने वहीत तारखेनिशी चित्र काढून ठेवलं आहे. पश्चिमेचा प्लॉट घेतला असता तर बांधायला पैसेच उरले नसते. वाचलेल्या रकमेतला मोठा भाग आता जमिनीखाली जाणार आहे, हे मान्य करूनच घेतला.

कागदी_लिंबू, तुमचा सल्ला फार उपयोगी पडला. मालकांच्या दोन बहिणी निघाल्या, एक गदगला आणि एक मिरजेला. दोघी आल्या, सह्या झाल्या. ऑक्टोबरपासून ई-खात्याशिवाय (मिळकतीच्या ऑनलाइन उताऱ्याशिवाय) नोंदणी होत नाही म्हणून दोन महिने मालकांच्या ई-खात्याची वाट पाहिली. वकिलांनी खरेदीखत वाचलं आणि शेजारी बसून सासूबाईंनी प्रत्येक ओळ मला मराठीत सांगितली. इकडे यायला सगळ्यांत जास्त विरोध त्यांचाच होता.

आता कंत्राटदाराशी करार करायचा आहे, मटेरियलसकट. करारात काय काय लिहून घेऊ?

ओळंबा | २० जानेवारी २०२५

अभिनंदन. खड्डे घेतलेत म्हणून आता निर्धास्तपणे बोलता येतं.

दर, मुदत, हप्ते हे सगळे लिहितातच. तुमच्या जागेसाठी सगळ्यांत महत्त्वाचं कलम हे: खणलेली काळी माती जोत्यात परत भरायची नाही. पाया मुरुमापर्यंत नेऊनही लोक इथे फसतात. खणलेला ढीग शेजारीच पडलेला असतो, तो जोत्यात ढकलतात आणि वर फरशी बसवतात. मग भिंती सरळ राहतात आणि फरशी वर येते, दारं घासायला लागतात. करारात लिहा: भराव बाहेरून आणलेल्या मुरुमाचा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमस (ठोकून दाबणं). पुढचा थर तुम्ही पाहिल्यावरच.

हिशोब आधीच करून ठेवा. १,००० चौरस फुटांचं जोतं, अडीच फूट भराव, म्हणजे २,५०० घनफूट, २५ ब्रास. मुरूम धुमसल्यावर बसतो, म्हणून तीस ब्रासची तयारी ठेवा. काळ्या मातीचा ढीग त्याच आठवड्यात प्लॉटबाहेर जाऊ द्या. कुणाच्याही शेताला तो सोन्यासारखा आहे.

जमिनीखालची पाण्याची टाकी विटांची नको, आर.सी.सी.चीच करा. ही माती विटांच्या भिंती सहज चिरते. घराभोवती तीन-चार फुटांची पक्की, बाहेर उतार असलेली पट्टी करा. पायाजवळ पाणी मुरता कामा नये आणि भिंतीला लागून मोठं झाडही नको.

गच्चीवरची_तुळस | २० जानेवारी २०२५

काळी माती परत भरली की काय होतं ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाहा. ओट्यासमोरची फरशी मधोमध फुगली आहे, भांडं ठेवलं की डुगडुगतं. हे कलम ठळक अक्षरांत लिहून घ्या.

हुरडा | २९ एप्रिल २०२५

आज जे लिहिते आहे त्यासाठीच खरं तर हा धागा होता असं वाटतं.

मुरुमावर पाया बसला, कॉलम जोत्यापर्यंत आले, जोत्याचे बीम झाले. सगळं चोख. भरावाच्या आठवड्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं, आम्ही तिघं सोलापूरला गेलो. सासूबाई गुडघ्यामुळे मागे राहिल्या. मुरुमाचे टिपर सोमवारी येणार, रविवारी काम बंद, असं मुकादमाने सांगितलं होतं.

रविवारी सकाळी अकराला सासूबाईंचा फोन. "अगं, बाजूचा ढीग आत चाललाय." करमत नव्हतं म्हणून त्या रिक्षा करून सहज साइटवर गेल्या होत्या. ढीग उचलून न्यायचं शेतकऱ्याने दोनदा पुढे ढकललं होतं आणि तो तसाच पडून होता. चार मजूर आणि एक जेसीबी तो जोत्यात लोटत होते. पुढची खोली भरून झाली होती, स्वयंपाकघर निम्मं.

सासूबाई जोत्याच्या बीमवर जाऊन बसल्या. मुकादमाला म्हणाल्या, "एरी मण्णु हाकब्याडरी," म्हणजे काळी माती टाकू नका. तो म्हणाला, आजी, वर फरशी येणार, खालचं कोण पाहतंय. त्या म्हणाल्या, मी पाहते आहे, आणि उठल्या नाहीत. आम्ही सोलापूरहून निघून संध्याकाळी पोहोचलो तेव्हाही त्या तिथेच होत्या, शेजारच्या बाईंनी खुर्ची आणि ताक आणून दिलं होतं. काम बंद होतं.

दुसऱ्या रात्री वळीव कोसळला. सकाळी पुढच्या खोलीत पाय ठेवला तर टाच रुतली, चप्पल बाहेर येईना. हातात घेतलेल्या गोळ्याची सुतळीसारखी वळी करता येत होती, तुटत नव्हती. हीच माती आमच्या फरशीखाली राहिली असती.

कंत्राटदार सुरुवातीला हुज्जत घालत होता. करारातलं कलम दाखवल्यावर गप्प झाला. दोन दिवसांत सगळी माती काढली, तळ खरवडला, खर्च त्याने सोसला. ढीग त्याच दिवशी ट्रॅक्टरने गेला. नंतरचे पाचही थर सासूबाईंनी खुर्चीवर बसून पाहिले. थर ओला करून धुमस दिला की त्या काठी टोचून पाहायच्या. काठी आत गेली तर पुन्हा धुमस. गौंडीमामा आता त्यांना विचारल्याशिवाय थर टाकत नाहीत.

ओळंबासाहेब, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

ओळंबा | २९ एप्रिल २०२५

उपकार आजींचे. माझ्या पंचवीस वर्षांत भराव थांबवायला घरातलं कुणी बीमवर बसलेलं पाहिलं नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

हुरडा | १४ जून २०२५

स्लॅब झाला, पाऊस गाठायच्या आत करायचा होता तो जेमतेम साधला. मिक्सरपाशी मी उभी होते. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस लिटरच्या वर पाणी नको असं ठरलं होतं, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पसरायला सोपा जावा म्हणून मजूर बादली वाढवायला बघत होते, दोनदा अडवलं. आता स्लॅबवर वाफे करून पाणी साठवलं आहे.

प्रश्न: रोज भुरभुर पाऊस आहे. तरी कॉलमवर पाणी मारायचं का? आणि टेकू कधी काढायचे?

ओळंबा | १४ जून २०२५

मारायचंच. भुरभुर उभ्या कॉलमवरून ओघळून जाते, आत मुरत नाही. गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा. तुमचं सिमेंट पी.पी.सी. (राख मिसळलेलं) आहे, निदान दहा दिवस. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरच्या आत असेल तर टेकू सात दिवसांनी काढता येतात, मोठा असेल तर चौदा. बीमखालचे चौदा, आणि सहा मीटरच्या वरच्या बीमचे एकवीस. पावसाळी हवेत मी आणखी चार दिवस थांबायला सांगतो.

कागदी_लिंबू | १६ जून २०२५

मंजूर नकाशात बदल करू नका, पडवी वाढवायची असेल तर आधी सुधारित मंजुरी घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच वीज-पाणी जोडायला सांगितलं आहे. बांधकामासाठीची जोडणी तात्पुरती असते, ती कायमची करताना अडू नये.

माळमड्डीकर | १६ जून २०२५

पाण्याचंही ठरवून टाका. आमच्या गावात नळ रोज येत नाही, भागाप्रमाणे दिवस ठरतात. तुम्ही चौघं, माणशी १३५ लिटर धरलं तरी दिवसाला ५४० होतात. आठ दिवसांचं साधारण ४,३००. टाकी दहा हजारांची करा. आठ बाय आठ, सहा फूट खोल पुरते. गच्चीचं पाणी गाळून त्यातच सोडा. १,००० चौरस फुटांवर एक सेंटिमीटर पाऊस पडला की गळती वजा जाता सातशे लिटर तरी मिळतं.

हुरडा | २३ नोव्हेंबर २०२५

परवा वास्तुशांत झाली. या धाग्यावरच्या प्रत्येकाची त्या दिवशी आठवण काढली.

घर असं झालं: पुढे सात फुटांची पडवी, वर मंगळुरी कौलं. पश्चिमेचा छज्जा तीन फूट, खाली खाच आहे (गिलाव्याच्या दिवशी मी शिडीवर चढून बोट फिरवून पाहिलं). मागे दोऱ्यांसाठी छपराखाली दहा बाय आठची जागा. गच्ची अर्धी पत्र्याखाली, अर्धी मोकळी; पापड मार्चमध्ये होतील. टाकी भरलेली आहे. पुढच्या उन्हाळ्यात भेगांसाठी भिंती तपासणार आहे, तेव्हा इथे लिहीनच.

गौंडीमामांनी उंबरठा बसवायच्या दिवशी सासूबाईंना बोलावून पहिलं हळदकुंकू त्यांच्या हातून वाहवलं. आता त्या रोज सकाळी दहाला बाहेर बसतात. ताक देणाऱ्या शेजारीणबाई येतात, भाजीवाली टोपली टेकवते. मी आतून ऐकते, थोडं थोडं समजायला लागलं आहे.

माळमड्डीकर | २३ नोव्हेंबर २०२५

फार आनंद झाला, ताई. कट्टा किती उंच केलात?

हुरडा | २४ नोव्हेंबर २०२५

सव्वा फूट. गौंडीमामा दीड म्हणत होते. मग सासूबाईंना विटांवर बसवून मोजलं, पाय पूर्ण टेकतील असा केला.